शकूमावशीची लाल रेघ

आमच्या चाळीत अशी बोलवा होती की शकूमावशी गाड्यांवर करणी करते.

पुरावाही होता. खोपटला आमच्या चाळीमागे मोकळी जागा आहे. तिथे उभ्या राहणाऱ्या रिक्षा, एखाद-दुसरा टेम्पो, दोन-चार जुन्या गाड्या, सगळ्यांच्या चाकांवर लाल रेघा सापडायच्या. प्रत्येक नटावर एक, काडीने कुंकू ओढल्यासारखी. आणि त्या ओढताना मावशीला लोकांनी पाहिलेलं. भर दुपारी उकिडवी बसलेली, चष्म्याची दोरी मानेत, तोंडाने काहीतरी पुटपुटणारी. तळमजल्यावरचे सुदेशकाका, ज्यांचा स्वतःचा टेम्पो आहे, ते तर शपथेवर सांगायचे. त्यांचा आवाज काढायचा तर नाक अर्धं बंद करायचं आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी ढेकर गिळायचा. "मी स्वतः बघितलंय हां. मंत्र म्हणते ती. माझ्या टेम्पोकडे नुसतं बघितलं, दुसऱ्या दिवशी पंक्चर."

आता खरं सांगते. ती रेघ नेलपॉलिशची. खोपटच्या नाक्यावर मिळणारी सगळ्यात स्वस्त, सगळ्यात भडक लाल. मावशीने स्वतःच्या नखाला ती आयुष्यात लावली नाही. नट आवळून झाला की त्याच्यावरून सुरू करून चाकावर संपेल अशी एक सरळ रेघ ओढायची. नट जागेवर असेल तोवर रेघ अखंड. नट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते, आणि हे बघायला कुणी शिकलेलं असावं लागत नाही. आणि तो मंत्र म्हणजे आकडे. नट हाताने किती फेरे आत गेला ते ती मोजायची. एक, दोन, तीन, चार.

करणीचं नाव काढलं की मात्र ती भडकायची. "बावीस प्रतिज्ञा पाठ आहेत मला, झोपेतून उठवून विचार. करणी म्हणे! नट ढिला असतो, ह्यांच्या डोक्यातला पण ढिला असतो, आणि नाव माझं."

शकूमावशी एसटीच्या टायर सेक्शनमध्ये हेल्पर होती. पंचवीस वर्षं. उंची पाच फुटांच्या आत, बसचं चाक तिच्या छातीला लागायचं. रिटायर झाल्यावर चाळीतल्या सगळ्या चाकांची जबाबदारी तिने आपण होऊन घेतली. कुणी सांगितलेलं नव्हतं, कुणी आभारही मानत नव्हतं. कारण चाळीत तिची खरी ओळख करणीवाली अशी नव्हतीच. भित्री अशी होती.

आणि ती होतीच भित्री, त्यात खोटं काही नाही. रिक्षात बसण्याआधी ती रिक्षाला एक फेरी मारायची. रिक्षावाला विचारायचा, "मावशी, बसताय की तपासताय?" ती म्हणायची, "दोन्ही." गाडीत मागे बसली की पुढच्या सीटची कड दोन्ही हातांनी धरायची आणि वेग जरा वाढला की सुरू. "अगं बाई गं, थांबव, थांबव!" चालवणारा पुरुष असला तरी अगं बाई गंच.

हा माझा सगळ्यात गाजलेला आवाज. मी अकरावीत आहे, आणि आमच्या चाळीत माझ्या तावडीतून सुटलेला माणूस नाही. पण गॅलरीत बसून सगळ्यांची फर्माईश असायची ती शकूमावशीचीच. मी ओढणी डोक्यावरून घ्यायचे, समोरच्या खुर्चीची पाठ धरायचे आणि एका दमात म्हणायचे, "अगंबाईगंथांबवथांबव!" लोक पोट धरून हसायचे. तिच्यासमोर कधी केलं नाही. तेवढी माझीही हिंमत नव्हती.

तिची भीती कुठून आलेली ते तिने मला एकदाच सांगितलं, भेंडी चिरता चिरता. ती तेरा वर्षांची होती, भाऊ बाळ नऊचा. दोघं माजिवड्याला रस्त्याच्या कडेला रसवंतीपाशी उभी होती. विटा भरलेला टेम्पो गेला. मागून त्याचंच चाक आलं.

"एकटं आलं गं. घाई नाही, काही नाही. मला वाटलं कुणीतरी पोरगं ढकलत असेल. माझ्या समोरून गेलं आणि बाळच्या पायावर चढलं."

बाळमामा अजून काठीने चालतात.

"आवाज नाही आला?" मी विचारलं. मला आवाजातच रस.

"चाक सुटल्यावर आवाज नसतो. आवाज आधी असतो. त्या टेम्पोवाल्याने सांगितलं ना नंतर पोलिसांना, मैलभर ऐकत होतो म्हणून. आधी असा." तिने जीभ टाळूला लावून काढला. कट्. मग बऱ्याच वेळाने कट्. "मग असा." कट् कट् कट् कट्. "आणि मग बंद. माणसाला वाटतं, बरं झालं, गेला. तो बंद झाला की समजायचं." भेंडीवर सुरी तशीच थांबलेली.

मी दोन मिनिटांत तो आवाज उचलला. इतका हुबेहूब की तिने मला भेंडी फेकून मारली.

आता आमच्या गाडीकडे येते. आमच्याकडे एक दोन हजार तीनची पॅलिओ आहे. माझ्या आबांची, म्हणजे वडिलांची. आबा तीन वर्षांपूर्वी गेले, गाडी राहिली. सुमितदादाने ती आरटीओत पुन्हा पास करून आणली, रंग मारला, सीटकव्हर घातली. राहिली होती चाकं. ह्या फेब्रुवारीत आमची मृणालताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. सासर कल्याणला. सातवा संपलेला. दादाच्या डोक्यात बसलं की ताईला आणायला जाईल ती गाडी दिसली पाहिजे. त्याने डोंबिवलीच्या एका पोराकडून मॅगव्हील, म्हणजे शोभेची अलॉयची चाकं घेतली, कुठल्या तरी दुसऱ्या गाडीची काढलेली. पाच पाकळ्या, चकचकीत. शनिवारी सकाळी ती चाळीमागे उतरवली तेव्हा पोरं फोटो काढायला लागली.

शकूमावशी पदर खोचून खाली आली.

"कुणाची आहेत ही?"

"आपलीच आता."

"आधी कुणाची होती?"

"मावशी, चार भोकं त्याला, चार भोकं ह्याला. बसतात."

"माझ्या ब्लाउजला चार हुक आहेत आणि तुझ्या आईच्याला पण चारच आहेत. तिचा मला होतो का?"

आई गॅलरीतून म्हणाली, "शकू, माझं नाव कशाला घेतेस गं?"

मावशीने मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा मागवला. गाडीची स्टेपनी काढायला लावली, म्हणजे मूळचं लोखंडी चाक. त्यावर पुठ्ठा दाबून धरला आणि पेन्सिल आडवी करून घासली. चारही भोकांचे गोल पुठ्ठ्यावर उमटले. ते तिने कात्रीने बेतून कापले. मग तो पुठ्ठा नव्या चाकावर ठेवला. एक भोक अगदी बरोबर जुळवलं आणि मला म्हणाली, "समोरचं बघ."

समोरच्या भोकात एका बाजूला चाकाचा धातू डोकावत होता. कापलेल्या नखाएवढी कोर.

"दोन मिलिमीटर," ती म्हणाली. "समोरासमोरच्या भोकांमधलं अंतर ह्या गाडीला अठ्ठ्याण्णव लागतं. हे शंभर आहे."

"दोन मिलिमीटर म्हणजे काय मावशी! दाढीचा खुंट."

"म्हणूनच भीती वाटते. पाच-दहाचा फरक असता तर चाक चढलंच नसतं. न चढणारं चाक कुणाला मारत नाही, सुमित."

त्याला पटेना म्हणून तिने पुढचं डावं चाक उचलायला लावलं. जॅक लावला, जुनं काढलं, नवं ठेवलं. तिचा नियम असा, की बोल्ट बोटांनीच शेवटपर्यंत गेला पाहिजे. पाना घ्यायचा तो फक्त आवळायला. पहिला बोल्ट तिने बोटांनी फिरवला. पुटपुटत दहा फेरे गेला. दुसरा तीन फेऱ्यांवर अडला.

"पान्याने जाईल," दादा म्हणाला.

"पान्याने भिंतीत पण जाईल."

दादाने ऐकलं असतं तर मी हे लिहीत बसले नसते. त्याने जुनं चाक परत लावलं, नवी चारही गाडीत भरली आणि एका दुकानात गेला. दुकानवाल्याने हवेची गन लावली. भुर्र, भुर्र, भुर्र, भुर्र. सोळा बोल्ट, दोन मिनिटं. दादाने मला त्याची नक्कल करून दाखवली, वाईट केली, मी सुधारून देते. दोन्ही भुवया वर, तोंडात गुटखा, "भाऊ, फिट म्हंजे फिट. बायको सोडून जाईल, हे चाक नाय जाणार." दादाने टेंभी नाक्याला मित्रांसमोर दोन फेऱ्या मारल्या आणि दिवेलागणीला घरी आला. जुनी चाकं भंगारात देणार होता. मावशी म्हणाली, "माझ्या दारात ठेव. फेकायची ती मी फेकेन."

मग ती गाडीजवळ बसली. प्रत्येक बोल्टच्या भोवती बोट फिरवलं. बोल्टचं डोकं खळग्यात मधोमध बसायला हवं, ते एका कडेला टेकलेलं होतं. मलाही दिसलं. पण गाडी छान दिसत होती.

"ताईला रिक्षाने आणा," मावशी म्हणाली. "नाहीतर जुनी चाकं लावून जा. मी लावून देते आत्ता."

दादा वैतागला. मावशीच्या तपासणीवरून दिवसभर पोरं त्याला चिडवत होती. "मावशी, तुम्हाला सगळ्याचीच भीती वाटते."

"वाटते," ती म्हणाली. "मग?"

दादा जिना चढून गेला. मावशीने कमरेला खोचलेली नेलपॉलिशची बाटली काढली आणि सोळाच्या सोळा बोल्टवर रेघा मारल्या. मी मोबाईलचा टॉर्च धरला होता. एकही रेघ वाकडी गेली नाही.

"उद्या तू जाणार ना बरोबर? रांजणोली नाक्याला थांबायला लाव. जाताना एकदा, येताना एकदा. रेघ बघ. तुटलेली दिसली तर तिथून पुढे गाडी हलवायची नाही."

"नाही तुटणार हो. गनने आवळलेत."

"तुटणार."

"लावता पैज?"

मावशीने कधी पैज लावलेली मी ऐकलं नव्हतं. तिने बाटलीचं झाकण फिरवून बंद केलं. "लाव. हरलीस तर मी सांगेन ते करायचं."

"आणि जिंकले तर?"

"जिंकलीस तर मला काहीच नको," ती म्हणाली. मला तेव्हा ते कळलं नाही.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. माजिवडा, खाडीपूल, खारेगाव, मग भिवंडीच्या गोदामांच्या रांगा. गाडी मस्त चालली होती. रांजणोलीला मी थांबायला सांगायचं होतं. त्याऐवजी मी काय केलं? कोनगावच्या आसपास रस्ता मोकळा मिळाला आणि मला लहर आली. मी खिडकीकडे तोंड केलं, जीभ टाळूला लावली आणि सुरू केलं. कट्. कट्. कट् कट् कट्.

दादाचा चेहरा पांढरा पडला. त्याने गाडी कडेला घेतली, उतरला, वाकला, त्याच्या बाजूची दोन चाकं हलवून बघितली. मागे वळला तर मी सीटवर लोळत हसत होते.

तो ओरडला नाही. म्हणाला, "शिवानी, ह्यापुढे गाडीत तुझं तोंड उघडलेलं मला दिसलं तर उतरवून देईन." डाव्या बाजूची चाकं त्याने बघितली नाहीत. मीही नाही.

कल्याणला ताईच्या सासूबाईंनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. "अगं घे गं, लाजतेस काय, आपलंच घर." ह्यातलं प्रत्येक 'घ' त्यांच्या पोटातून येतं. मी ते स्वयंपाकघरात पाठ करत बसले. रेघ बघायची होती हे आठवलं तेव्हा ताई मागच्या सीटवर बसलेली होती, मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा, आणि दादाने गाडी सुरू केलेली. मी तिच्या शेजारी बसले.

"दादा, रांजणोलीला जरा थांब. रेघ बघायची आहे."

"झाली तपासणी सकाळी. तूच केलीस."

रांजणोली मागे पडलं. दादाने गाणी लावलेली. ताई डोळे मिटून बसलेली, एक हात पोटावर.

आणि मग मला ऐकू आलं.

कट्.

मला वाटलं डब्याचं झाकण. मी डबा हाताने दाबून धरला. एक ट्रक गेला. पुन्हा. कट्. पुढून येत होता, डावीकडून, माझ्या पायाखालून जरा पुढे. माझ्या अंगावर काटा आला. कारण आवाज ओळखीचा होता. सकाळी मी तोच काढला होता, आणि माझा फार चांगला जमलेला.

"दादा, गाडी थांबव."

"शिवानी, बस."

"दादा, खरंच. ऐक. गाणी बंद कर."

त्याने गाणी बंद केली ती मला ओरडण्यासाठी. आणि त्या शांततेत तो स्पष्ट आला. कट्. कट्. कट्.

"बंद कर ते!" दादा म्हणाला. "ताई आहे गाडीत, लाज वाटते का?"

"मी नाही करत!"

"सकाळी पण तूच नव्हतीस."

गाडी साठच्या पुढे होती. उजवीकडून कंटेनर चाललेला, त्याची चाकं ताईच्या खिडकीएवढी. पुढे खारेगावचा खाडीपूल. पुलावर थांबायला जागा नसते, मला माहीत होतं. मला रडू फुटलं आणि रडता रडता बोलल्यामुळे ते आणखी खोटं वाटत होतं. मी इतक्या लोकांचं रडणं आजवर काढलंय की माझं स्वतःचं कुणाला ओळखू येईना.

ताईने डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. हात उचलला आणि माझ्या तोंडावर ठेवला. घट्ट. तिच्या तळव्याला तुपाचा वास होता.

कट् कट् कट् कट् कट्.

"सुमित," ताई म्हणाली. "हिचं तोंड मी धरलंय."

आरशात दादाचे डोळे दिसले. त्याला कळलं ते मला दिसलं. पण डावीकडे यायला जागा नव्हती, बाजूला टेम्पोंची रांग होती. तो आरशात बघत होता, इंडिकेटर देत होता, कुणी जागा देत नव्हतं. स्टिअरिंग त्याच्या हातात थरथरत होतं.

आणि आवाज बंद झाला.

एकदम. नुसता टायरचा घसघस आवाज राहिला. दादाने श्वास सोडला. "गेला," तो म्हणाला. "खडा-बिडा अडकला असेल. पुलाच्या पलीकडे बघू."

मला भेंडी चिरणारे हात दिसले. मी ताईचा हात तोंडावरून ओढून काढला, पुढच्या सीटची कड दोन्ही हातांनी धरली आणि किंचाळले. "अगं बाई गं! थांबव! थांबव!"

दादाने टेम्पोंच्या मधे नाक घातलं. मागून हॉर्नचा कल्लोळ. एका गोदामाच्या फाटकासमोर मातीत गाडी थांबली. पूल दिसत होता.

मी आधी ताईला उतरवलं. मग आम्ही दोघं पुढच्या डाव्या चाकाशी बसलो. एक खळगा रिकामा होता. बोल्ट कधीच पडलेला. दुसऱ्याचं नुसतं डोकं होतं, ते मी बोट लावल्याबरोबर माझ्या हातात आलं, बाकीचा तुकडा आतच. तिसरा दादाने बोटांनी फिरवला, बाटलीच्या झाकणासारखा फिरला. चौथ्यावरची रेघ तेवढी अखंड होती. लाल, सरळ. आम्ही चौघं, पोटातलं धरून, त्या एका बोल्टवर आलो होतो.

दादा तिथेच मातीत बसला. त्याने चेहरा झाकला नाही, काही नाही, नुसता बसला.

गोदामाच्या वॉचमनने ताईला प्लास्टिकची खुर्ची दिली, पाणी दिलं. मी मावशीला फोन लावला. पहिल्या रिंगलाच उचलला.

"मावशी."

"किती तुटल्या?"

"तीन."

मग, "मृणाल?"

"उतरली. खुर्चीवर बसली आहे."

"गाडीला हात लावू नका. रस्त्याच्या बाजूला उभं राहू नका. कुणी गाडीच्या मागे जायचं नाही. मी येते."

पाऊण तासात ती आली. सुदेशकाकांच्या टेम्पोतून, मागे आमची जुनी चार चाकं आणि सुट्या बोल्टची पिशवी. टेम्पोच्या प्रत्येक नटावर लाल रेघ होती, सुदेशकाकांनी ती पुसलेली नव्हती. ते आल्या आल्या चाकाकडे गेले, बघितलं आणि एकही ढेकर न गिळता म्हणाले, "आई शप्पत."

मावशी चाकाकडे गेली नाही. ती ताईकडे गेली. तिच्या तोंडावरून, दंडांवरून, पोटावरून हात फिरवला, बाजारात भाजी चाचपावी तसा, सगळं जागेवर आहे ना. मग ताईच्या पायाशी ती जमिनीवर बसली आणि बराच वेळ उठली नाही. वॉचमनला वाटलं हिलाच काहीतरी झालंय. त्याने उरलेलं पाणी तिला दिलं.

नंतर तिने दादाला जॅक लावायला सांगितला. नवं चाक काढलं, जुनं ठेवलं, आणि बोटांनी बोल्ट फिरवायला लागली. एक, दोन, तीन. तीन बोल्ट दहा-दहा फेरे गेले. चौथ्या भोकात मोडलेला तुकडा अडकून बसला होता.

"तीनवर हळूहळू..." दादाने सुरुवात केली. आम्ही सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. त्याने ओठ मिटले. "नाही. टो करू," तो म्हणाला.

मावशीने मान हलवली. दादाला बोलायला इतके मुद्दे होते तिच्याकडे, एक काढला नाही. त्याच्या खांद्यावरची माती झटकली फक्त.

ताईसाठी रिक्षा थांबवली. मावशीने रिक्षाला फेरी मारली. रिक्षावाला काही विचारायच्या आत दादाच म्हणाला, "तपासू द्या हो." मावशीला रिक्षा पसंत पडली. पण टो करणारी गाडी यायला वेळ होता, आणि ताई म्हणाली, "पैज लावलेली ना तुम्ही दोघींनी? काल आई फोनवर म्हणाली. ती बघून जाते मी."

मी जमिनीकडे बघायला लागले.

"हरलीस," मावशी म्हणाली.

"हो."

"मग कर."

"काय?"

"ते जे गॅलरीत करतेस. खुर्ची धरून. मला काय ऐकू येत नाही वाटतं? दोन वर्षं ऐकतेय भिंतीपलीकडून. कर, इथे, माझ्यासमोर."

मी रडायच्या बेतात होते. वॉचमन बघत होता, सुदेशकाका बघत होते, रिक्षावाल्याने मीटर टाकायचं थांबवलेलं. मी ओढणी डोक्यावरून घेतली. ताईच्या खुर्चीची पाठ धरली. "अगंबाईगंथांबवथांबव," मी म्हटलं.

कुणी हसलं नाही. मावशी मान तिरकी करून ऐकत होती.

"चूक," ती म्हणाली. "'बाई गं' झाल्यावर मी श्वास घेते. मघाशी गाडीत बरोबर केलंस म्हणे, मृणाल सांगत होती. परत."

मी परत केलं.

"'थांबव' वर नाही जात. खाली येतो. परत."

तिसऱ्या वेळी ताईला हसू आलं, पोट धरून हसली. मग सुदेशकाका. मग दादाही, डोळे पुसत. मावशी हसली नाही. तिने कमरेची बाटली काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "ठीक आहे. आता रिक्षाच्या नटांवर मार. तीन चाकं आहेत, एकही सोडू नकोस."